किती खेळ्या पुढें पहावें?

सन २०२५ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस आपल्या नागपूर शहरांत जो आनंद उसळला होता, तो विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या आईबापांच्या स्मरणांत अजून ताजा असेल. जॉर्जिया देशांतील बाटुमी शहरीं महिलांच्या विश्वचषक स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत आपल्या गांवची कु. दिव्या देशमुख हिनें श्रीमती कोनेरू हंपी ह्यांच्यावर जय मिळविला. पहिले दोन दीर्घ डाव बरोबरींत सुटले, ता. २८ जुलै रोजीं जलद डाव खेळविण्यांत आले व त्यांत निकाल लागला. दिव्या तेव्हां एकोणीस वर्षांची होती, आणि तिची गांठ आपल्याहून दुप्पट वयाच्या व थोर अनुभवाच्या खेळाडूशीं होती. ह्या विजयाबरोबरच ती भारताची अठ्ठ्याऐंशींवी ग्रँडमास्टर झाली. तिच्यापूर्वीं, २०१९ सालीं, नागपूरच्याच रौनक साधवानी ह्या मुलानें वयाच्या तेराव्या वर्षीं ही पदवी संपादिली होती. नागपूर म्हणजे संत्रीं, हें समीकरण आतां थोडें बदलावयास हवें.

आपल्या शाळेंत शनिवारीं जो बुद्धिबळाचा वर्ग भरतो, त्यास तोंपर्यंत सात-आठ मुलें येत. ऑगस्ट उजाडला आणि बांक पुरेनातसे झाले. एके शनिवारीं सातवींतील एका विद्यार्थिनीनें आम्हांस विचारलें, “सर, मोबाइलमधलं बुद्धिबळ किती खेळ्या पुढचं पाहतं? आणि जास्त पुढचं पाहिलं, की ते नेहमीच जास्त चांगलं खेळतं का?”

प्रश्नाचा पहिला भाग सोपा होता. दुसरा वाटला तितका सोपा निघाला नाहीं. त्याचें उत्तर शोधीत असतां आमच्याच हातून घडलेली एक चूक आमच्यापुढें येऊन उभी राहिली. म्हणून हा लेख अर्धा उत्तर आहे आणि अर्धा कबुलीजबाब.

प्रथम उत्तराकडे वळूं. पट मांडला म्हणजे पांढऱ्यास पहिल्या खेळीसाठीं वीस पर्याय असतात. आठ प्याद्यांपैकीं प्रत्येक एक घर किंवा दोन घरें पुढें जाऊं शकतें, हे सोळा. आणि दोन घोड्यांचे दोन-दोन, हे चार. काळ्यासहि उत्तर देण्यास तितकेच पर्याय असतात. म्हणजे दोघांची एकेक खेळी होते न होते तोंच डावाचे ४०० मार्ग फुटतात. पांढऱ्याच्या दुसऱ्या खेळीनंतर ते ८,९०२ होतात, काळ्याच्या दुसऱ्या खेळीनंतर १,९७,२८१, आणि पांढऱ्याच्या तिसऱ्या खेळीनंतर ४८,६५,६०९. आम्ही हे आंकडे फळ्यावर लिहिले, तेव्हां मागच्या बांकावरून कोणीतरी “बाप रे!” म्हणालें, आणि त्या उद्गाराबद्दल आम्ही कोणास रागावलों नाहीं.

कोणत्याहि एका बाजूच्या एका खेळीस आपण ‘पायरी’ म्हणूं. पायऱ्यांच्या जुन्या विहिरींत उतरावें त्याप्रमाणें यंत्र ह्या पायऱ्या उतरत जातें. जितक्या पायऱ्या तें उतरेल, तितकी त्याच्या शोधाची खोली. मात्र ही विहीर खालीं अरुंद होत नाहीं, उलट प्रत्येक पायरीस तिचा घेर सुमारें तीसपट वाढत जातो. क्लॉड शॅनन नांवाच्या अमेरिकन गणितज्ञानें १९५० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत हिशोब मांडिला कीं, शेवटापर्यंत जाणारे सर्व मार्ग मोजूं गेल्यास त्यांची संख्या एकावर एकशेंवीस शून्यें इतकी होईल. आणि सेकंदास दहा लक्ष मार्ग तपासणारें यंत्र जरी घेतलें, तरी पहिली खेळी ठरविण्यास त्यास एकावर नव्वद शून्यें इतक्या वर्षांहून अधिक काळ लागेल. तेव्हां तळ गांठण्याची आशा सोडून कोठेंतरी थांबणें भाग आहे.

थांबल्यावर काय करावयाचें? तेथें यंत्र पटाकडे पाहून अंदाज बांधतें. प्याद्याचें मोल एक, घोड्याचें व उंटाचें तीन-तीन, हत्तीचें पांच, वजिराचें नऊ. शिवाय राजा सुरक्षित आहे कीं नाहीं, सोंगट्यांना वाट मोकळी आहे कीं नाहीं, हेंहि जमेस धरतें. मग तें पायऱ्या उलट चढत वर येतें: आपली पाळी असेल तेथें सर्वांत चांगली खेळी धरतें, आणि प्रतिपक्षाची पाळी असेल तेथें आपणांस सर्वांत वाईट ठरेल अशी खेळी तो करील, असें समजून चालतें. इंग्लंडांतील अॅलन ट्यूरिंग ह्यांनीं ह्याच रीतीचे नियम कागदावर लिहिले होते. ते चालविण्याजोगें यंत्र जवळ नसल्यामुळें १९५२ सालीं ते स्वतःच यंत्र बनून एका मित्राशीं डाव खेळले. एकेका खेळीचा हिशोब करण्यास त्यांस सुमारें अर्धा तास लागे; आणि इतकें करून डाव हरले तो हरलेच.

पुढें एक युक्ति सांपडली, ती मुलांना समजाविण्यासाठीं आम्ही त्यांना मनानें संत्रा मार्केटांत नेलें. अशी कल्पना करा कीं टोपली तुम्हीं निवडावयाची, परंतु तिच्यांतून एक फळ काढून देणार दुकानदार, आणि तो नेहमीं सर्वांत वाईट फळच देणार. पहिल्या टोपलींतील सर्व संत्रीं तुम्हीं पाहिलीं. त्यांतलें सर्वांत वाईट तें थोडें आंबट, एवढेंच. आतां दुसऱ्या टोपलींत हात घातला आणि पहिलेंच संत्रें सडकें निघालें. तर त्या टोपलींतील बाकीचीं संत्रीं पाहण्याचें कांहीं प्रयोजन उरलें काय? मुलें एकमुखानें “नाही” म्हणालीं. यंत्रहि तसेंच करतें. ज्या खेळीस प्रतिपक्षाचें एक सडेतोड उत्तर सांपडलें, तिचीं उरलेलीं उत्तरें तें पाहत बसत नाहीं. चांगल्या खेळ्या आधीं तपासावयास मिळाल्या, तर तेवढ्याच श्रमांत जवळजवळ दुप्पट पायऱ्या उतरतां येतात.

अधिक पायऱ्या उतरल्यानें खेळ खरोखर किती सुधारतो? ह्याची एक सुंदर परीक्षा अमेरिकेंतील केन टॉम्प्सन ह्यांनीं १९८० च्या सुमारास केली. ‘बेल’ नांवाचें त्यांचें यंत्र त्यांनीं स्वतःशींच खेळविलें. ज्ञान तेंच, नियम तेच. फरक एवढाच कीं एका बाजूस एक पायरी अधिक पाहण्याची मुभा. चार पायऱ्या पाहणाऱ्या बेलचा गुणांक बाराशेंच्या किंचित् पुढें ठरला, आणि नऊ पायऱ्या पाहणाऱ्या बेलचा तेवीसशेंच्या पुढें. दोनशें गुणांच्या फरकाचा अर्थ असा कीं, वरच्या खेळाडूनें चार डावांत सुमारें तीन गुण मिळवावे. तेव्हां चार पायऱ्यांचा खेळाडू म्हणजे गल्लींतला हौशी गडी आणि नऊ पायऱ्यांचा म्हणजे कसलेला उस्ताद. मात्र त्या आंकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. चारांवरून पांचांवर जातांना तीनशेंहून अधिक गुणांचा लाभ झाला. आठांवरून नवांवर जातांना तो सव्वाशेंच्या आसपास उतरला. प्रत्येक नव्या पायरीस श्रम अनेक पटींनीं वाढतात आणि फळ मात्र थोडें थोडें कमी होत जातें. नंतरच्या अभ्यासकांसहि हाच कल आढळला.

तरीहि केवळ खोलीच्या बळावर यंत्र कोठवर जाऊं शकतें, हें जगानें १९९७ सालीं पाहिलें. त्या वर्षीं मे महिन्यांत न्यूयॉर्क येथें सेकंदास सुमारें वीस कोटि स्थिति तपासणाऱ्या ‘डीप ब्ल्यू’ ह्या यंत्रानें जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह ह्यास साडेतीन विरुद्ध अडीच अशा गुणांनीं हरविलें. आम्ही तेव्हां विद्यार्थी होतों. वसतिगृहाच्या व्हरांड्यांत तें वर्तमानपत्र हातोहातीं फिरलें, आणि आतां मनुष्याचें महत्त्व संपलें असें आमच्यांतील दोघां-तिघांनीं जाहीर करून टाकिलें. दुसऱ्या दिवशीं गणिताचा पेपर होता, त्यामुळें ह्या विषयावर अधिक विचार झाला नाहीं.

येथवरचें उत्तर आम्ही वर्गांत मोठ्या ऐटीनें दिलें. आतां कबुलीकडे येतों.

सप्टेंबरांत शाळेच्या अंतर्गत स्पर्धेचा शेवटचा डाव होता. एका बाजूस दहावींतील विद्यार्थी, दोन वर्षें शाळेचा विजेता. दुसऱ्या बाजूस नववींतील एक मितभाषी मुलगा. त्याचें नांव येथें देत नाहीं. डाव मध्यावर आला असतां हा मुलगा परवानगी घेऊन पाणी पिण्यास बाहेर गेला व पांचेक मिनिटांनीं परत आला. बसतांच त्यानें आपला हत्ती उचलला आणि प्रतिपक्षाच्या राजासमोरील काठच्या प्याद्यावर नेऊन आदळला. पाहणारीं मुलें हंसलीं. राजानें हत्ती मारला. वजिराचा शह आला. राजा आपल्या घरीं परतला. आतां पुन्हां शह येणार अशी सर्वांची अपेक्षा असतां त्यानें आपला दुसरा हत्ती अगदीं शांतपणें त्या मोकळ्या झालेल्या रांगेवर आणून ठेविला. शह नाहीं, मार नाहीं. दहावींतल्या मुलाजवळ एक संपूर्ण खेळी होती. परंतु कोणतीहि खेळी पुरी पडेना. आणखी दोन खेळ्यांत मात झाली.

सायंकाळीं घरीं येऊन आम्ही ती स्थिति मोबाइलवर मांडिली व यंत्राची खोली चार पायऱ्यांवर ठेविली. यंत्र म्हणालें, खेळी वाईट. हत्ती गेला आणि मिळालें एक प्यादें. सहांवर ठेविली, पुन्हां तेंच. नवांवर ठेवितांच आंकडा एकदम उलटला: सर्वोत्तम खेळी, मात अटळ. आम्ही मोबाइल खालीं ठेविला आणि मनाशीं निकाल दिला. जें यंत्रास नऊ पायऱ्या उतरल्यावांचून दिसत नाहीं, तें नववींतल्या मुलास कसें दिसावें? शिवाय तो मध्येंच बाहेर गेला होता. ही खेळी त्याच्या डोक्यांतली नव्हे, कोणाच्या तरी मोबाइलमधली आहे.

सोमवारीं वर्गांत आम्ही त्याचा विजय रद्द झाल्याचें सांगितलें, आणि प्रामाणिकपणावर दहा मिनिटें बोललों. तो उभा राहून एवढेंच म्हणाला, “सर, मोबाइल माझ्याकडे नाहीच.” आम्ही त्यास खालीं बसविलें. पुढच्या शनिवारीं तो आला नाहीं; त्याच्या पुढच्याहि नाहीं.

संशयास मुळींच जागा नव्हती, असें आम्ही म्हणत नाहीं. यंत्राचें साह्य चोरून घेण्याचे प्रकार जगांत घडले आहेत, आणि म्हणूनच मोठ्या स्पर्धांत खेळाडूंना मोबाइल जवळ बाळगूं देत नाहींत. परंतु संशय येणें निराळें आणि न्याय देणें निराळें. ह्या दोहोंमध्यें विचारपूस नांवाची एक पायरी आहे. ती आम्ही उतरलोंच नाहीं.

पंधरा दिवसांनीं त्याचे आजोबा शाळेंत आले. अजनीच्या लोकोशेडमधून निवृत्त झालेले गृहस्थ. हातांत एक जुनी वही. आवाज न चढवितां ते म्हणाले, “सर, पोरानं चूक केली असन तर शिक्षा करा. पण आधी त्याले विचारायले पाहिजे होतं.” मग त्यांनीं वही उघडली. उन्हाळ्याच्या सुटींत आजोबा-नातवांनीं खेळलेले डाव तींत पेन्सिलीनें उतरून ठेविले होते. तीन डावांवर त्यांनीं बोट ठेविलें. तिन्हींत तीच आहुति: काठच्या प्याद्यावर हत्ती, वजिराचा शह, आणि मग दुसऱ्या हत्तीची ती शांत खेळी. फरक एवढाच कीं तिन्ही वेळां मात झाली होती ती नातवावर. “मी त्याले तीनदा असंच हरवलं,” आजोबा म्हणाले. “चौथ्या खेपेले त्यानं मले तसं करू देलं नाही. तेव्हाच समजलो, पोरगं शिकलं.”

ते गेल्यावर आम्ही शाळेच्या शिपाईदादांना विचारलें. तो मुलगा त्या दिवशीं पाण्याच्या टांकीजवळ त्यांच्या डोळ्यांसमोर उभा होता. पाणी प्याला, तोंडावर पाणी मारलें आणि परत गेला. ही गोष्ट त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. त्यांनाहि आम्ही विचारलें नव्हतें.

त्या रात्रीं आम्ही पुष्कळ वाचलें, आणि आपला तर्क कोठें चुकला तें आम्हांस उमगलें. आड्रिआन द ग्रोट नांवाच्या डच मानसशास्त्रज्ञानें १९४६ च्या आपल्या प्रबंधांत बुद्धिबळपटूंच्या विचारपद्धतीचा अभ्यास केला होता. थोर खेळाडूंना व चांगल्या हौशी खेळाडूंना एकच स्थिति दाखवून त्यानें त्यांना मोठ्यानें विचार करावयास सांगितलें. थोर खेळाडू इतरांहून फारसें खोल पाहत नव्हते. मात्र पहावयाची खेळी कोणती, हें त्यांना आधींच दिसत होतें. पुढें १९७३ सालीं अमेरिकेंतील चेस व सायमन ह्यांनीं दाखविलें कीं, खऱ्या डावांतील स्थिति पांच सेकंद पाहून उस्ताद ती बहुतेक जशीच्या तशी मांडूं शकतो. पण सोंगट्या वाटेल तशा विखरून ठेविल्या, तर त्याचा हा वरचढपणा जवळजवळ नाहींसा होतो. त्याच्या स्मरणांत एकेक सोंगटें नसून ओळखीच्या आकृति असतात. आई गर्दींत आपलें मूल ओळखते, ती कांहीं प्रत्येक चेहरा तपासून ओळखत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यानें नऊ पायऱ्या मोजल्या नव्हत्या. तीन पराभवांतून ओळखीची झालेली आकृति त्यास दिसली होती. यंत्रास किती खोली लागली, ह्यावरून मुलाचें डोकें मोजणें हाच आमचा मूळ प्रमाद होता.

नवलाची गोष्ट अशी कीं, यंत्रेंहि अलीकडे ह्याच वाटेनें गेलीं आहेत. २०१७ सालीं ‘अल्फाझिरो’ हा प्रोग्रॅम स्वतःशींच असंख्य डाव खेळून शिकला, आणि ‘स्टॉकफिश’ ह्या बलाढ्य प्रोग्रॅमशीं शंभर डाव खेळून त्यानें अठ्ठावीस जिंकले व बहात्तर बरोबरींत सोडविले. त्या सामन्याच्या अटींविषयीं वाद झाला. तरी स्टॉकफिश सेकंदास सुमारें सात कोटि स्थिति पाहत होता आणि अल्फाझिरो अवघ्या ऐंशीं हजार, हें विसरतां येत नाहीं. कमी पाहून चांगलें ओळखण्याचें महत्त्व सर्वांना पटलें, आणि २०२० सालीं स्टॉकफिशमध्येंहि स्थितीची पारख करण्यासाठीं शिकून तयार झालेलें जाळें बसविण्यांत आलें. आज मोबाइलच्या पडद्यावर जो खोलीचा आंकडा दिसतो, तोहि सरळ मोजमाप नव्हे. यंत्र आशादायक फांद्यांवर त्याहून पुष्कळ खोल जातें आणि निरुपयोगी फांद्या वरच्यावर सोडून देतें.

आतां वाचक विचारतील कीं, चूक कळल्यावर आम्ही दुसऱ्याच दिवशीं ती दुरुस्त केली असेल. नाहीं. हीच ह्या लेखांतली अवघड जागा आहे.

यंत्रांचा एक जुना दोष आहे. त्यास हान्स बर्लिनर ह्यांनीं १९७३ सालीं ‘क्षितिज-परिणाम’ असें नांव दिलें. समजा, यंत्र सहाच पायऱ्या पाहतें, आणि सहाव्या पायरीस आपला हत्ती मरणार असें त्यास दिसलें. हत्ती तर वांचण्यासारखा नाहीं. मग तें काय करतें? उगाच एक प्यादें पुढें फेंकतें, तें मारण्यास प्रतिपक्षास भाग पडतें, आणि हत्तीचें मरण दोन पायऱ्या पुढें जातें, म्हणजे सहांच्या पलीकडे जातें. यंत्रास आतां तें दिसत नाहीं. हत्ती वांचला, असें समजून तें संतुष्ट होतें. पुढच्या खेळीस तोच धोका पुन्हां दिसतो, तेव्हां आणखी एक प्यादें जातें. आपल्याकडे दृष्टीआड सृष्टि म्हणतात, ती हीच. ह्यावर उपाय असा कीं, ठराविक पायरीवर थांबतांना मारामारी चालू असेल, तर ती शमेपर्यंत आणखी खालीं उतरून पहावें. गढूळ पाण्यांत तळ पाहूं नये.

आम्ही त्या मुलाची सर्वांसमोर क्षमा मागावयास हवी होती. ती गोष्ट आम्हांस स्वच्छ दिसत होती, आणि तिचें भय वाटत होतें. प्रथम म्हटलें, सहामाही परीक्षा तोंडावर आहे. मुलांचें चित्त विचलित कशाला करा? मग दिवाळीची सुटी आली. सुटीनंतर आम्ही त्यास जिन्यांत गांठून हळूच म्हणालों, “झालं गेलं विसरून जा हं.” त्यानें मान हलविली. मग आम्ही त्यास शनिवारच्या वर्गाचा प्रमुख नेमिलें. तो आला नाहीं. मग स्वतःच्या पदरचा एक चांगला लांकडी पट त्यास भेट दिला. त्यानें तो दोन्ही हातांनीं घेतला, “थँक यू, सर” म्हणाला, आणि तरीहि आला नाहीं. ह्या सर्व काळांत दर रविवारीं उपासनेंत आम्ही क्षमेची प्रार्थना सर्वांबरोबर म्हणत होतों, व ती आम्हांस तोंडपाठ होती.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारीं आम्ही वर्गांत हा क्षितिज-परिणाम शिकविला. प्यादीं कशीं फुकट जातात तें पटावर खेळून दाखविलें. मुलें यंत्राच्या मूर्खपणास हंसूं लागलीं. तेव्हां तीच सातवींतली मुलगी म्हणाली, “पण सर, शेवटी हत्ती जातोच ना? मग आधीच दिला असता, तर प्यादी तरी राहिली असती.”

तिला ह्या प्रकरणांतलें कांहींहि ठाऊक नव्हतें. आम्ही फळा पुसला आणि वर्ग पांच मिनिटें आधीं सोडिला.

सोमवारीं सकाळच्या प्रार्थनेनंतर आम्ही मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन सर्व शाळेसमोर उभे राहिलों. सप्टेंबरांत आम्ही एका विद्यार्थ्यावर खोटा आरोप केला. त्यास व साक्षीदारांस न विचारतां केला. सत्य कळल्यावरहि दोन महिने गप्प राहिलों. त्याचा विजय त्याचाच आहे. आणि आम्ही त्याची क्षमा मागतों, एवढें बोललों. सारें मिळून दोन मिनिटें लागलीं असतील. दोन महिने जिचें भय वाटलें, ती गोष्ट दोन मिनिटांची होती. शिक्षकाची पत जाईल अशी आमची समजूत होती. मुलें नेहमींप्रमाणें रांगेनें आपापल्या वर्गांत गेलीं. जातां जातां शिपाईदादांनीं मात्र आमच्याकडे पाहून किंचित् मान लवविली.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाचें उत्तर आतां पुरें करतों. होय, अधिक खोल पाहणारें यंत्र सामान्यतः अधिक चांगलें खेळतें. परंतु प्रत्येक पायरीचा लाभ आधल्या पायरीहून कमी होत जातो, आणि जेथें थांबावयाचें तेथें पारख चुकली, तर खोलीहि फसविते. तुम्हीं यंत्राकडून अवश्य शिकावें. मात्र आपला डाव आपण हरून, तो वहींत उतरून, पुन्हां पाहून जें शिकतां येतें, तें यंत्राच्या आंकड्यावर नजर टाकून येत नाहीं. पालकांसहि एक विनंती आहे. एका परीक्षेचे गुण, एका दिवसाचें वर्तन, शाळेंतून आलेली एक चिठ्ठी, ही एकेकच पायरी होय. तेवढ्यावर मुलाचा निकाल देण्यापूर्वीं त्यास जवळ बसवून विचारावें. ही विनंती करण्याचा अधिकार आम्हांस आहे, असें नव्हे. ती न पाळल्याचा अनुभव मात्र आहे.

त्यानंतरच्या शनिवारीं तो मुलगा आला. आम्ही दिलेला लांकडी पट त्याच्या हातांत नव्हता. आजोबांचा घड्या पडलेला जुना पट होता. त्यानें तो आमच्यापुढें पसरला, सोंगट्या मांडल्या, पांढरीं मोहरीं आमच्याकडे केलीं आणि म्हणाला, “सर, खेळायचं?” आम्ही सावध होतों. राजा कोपऱ्यांत नेऊन बसविला, आणि त्याच्यासमोरच्या काठच्या प्याद्यावर शेवटपर्यंत डोळ्यांत तेल घालून पहारा ठेविला. तो त्या बाजूस फिरकलाच नाहीं. पटाच्या दुसऱ्या टोकाकडून त्यानें एक साधें प्यादें एकेक घर पुढें आणलें, आणि आमच्या लक्ष्यांत येईपर्यंत त्याचा वजीर झाला होता.